वृक्ष धोका मूल्यांकन

वृक्ष धोका मूल्यांकन म्हणजे एखादे झाड उन्मळून किंवा त्याची फांदी मोडून पडण्याची शक्यता, ते पडताना खाली माणूस, जनावर वा इमारत सापडण्याची शक्यता आणि त्यातून होणारी हानी या तिन्हींचा एकत्रित अंदाज घेण्याची पद्धत होय. ही वृक्षसंगोपनशास्त्राची उपयोजित शाखा आहे. ग्रामीण भागात घर, गोठा, खळे, देवळाचा पार, शाळेचे पटांगण आणि वीजवाहिनी यांलगतच्या झाडांच्या बाबतीत तिचा विशेष उपयोग होतो.

या पद्धतीत झाड आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. माळरानावर एकट्या उभ्या असलेल्या, पूर्ण पोकळ झालेल्या वडाचा धोका नगण्य असू शकतो. उलट, ज्या आंब्याखाली रोज खाट टाकली जाते, त्याची एक वाळकी फांदीही गंभीर ठरते.

== पार्श्वभूमी ==

अमेरिकेत १९२४ साली सावलीच्या झाडांविषयीची एक परिषद भरली आणि त्यातून पुढे इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही संस्था आकारास आली. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून त्यांतील कुजीचा अभ्यास केला. त्यांच्या सिद्धान्तानुसार झाडाची जखम प्राण्याच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. कुजलेला भाग आत तसाच राहतो. जर्मनीतील क्लाउस मॅथेक यांनी झाडाच्या बाह्य आकारावरून आतील दुर्बलता ओळखण्याची पद्धत विकसित केली. पोकळ खोडातील शाबूत कडेची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांहून कमी झाल्यास खोड मोडण्याचा संभव वाढतो, हा त्यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. तो सर्व जातींना आणि सर्व वयाच्या झाडांना सरसकट लावण्यावर मात्र आक्षेप घेतले गेले आहेत.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात एका मंदिराच्या आवारातील जुने कडुलिंबाचे झाड पत्र्याच्या शेडवर कोसळले. पावसापासून आडोसा म्हणून शेडखाली थांबलेल्या भाविकांपैकी ७ जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. धोक्याचे तिन्ही घटक या घटनेत एकत्र आलेले दिसतात. एरवी रिकाम्या असणाऱ्या जागी माणसांची गर्दी नेमकी वादळाच्या वेळीच झाली होती. जुन्या झाडाखाली शेड उभारताना ही शक्यता सहसा विचारात घेतली जात नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यात श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा मोठ्या प्रमाणात आडव्या झाल्या. चक्रीवादळे वगळता राज्यात काळजीचा काळ दोनदा येतो. पहिला वळवाच्या सोसाट्याच्या वाऱ्यांचा, तर दुसरा भर पावसाळ्याचा. पावसाळ्यात जमीन पाण्याने संपृक्त होऊन मुळांची पकड सैल होते. दख्खनच्या उथळ मुरमाड जमिनीत आणि कोकणातील जांभ्याच्या सड्यावर मुळे मुळातच फार खोल जात नाहीत.

== तपासणी ==

तपासणी दुरून सुरू होते. झाडाचा कल नवा की जुना, हे प्रथम पाहतात. वर्षानुवर्षे कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो. असा कल सहसा तातडीचा मानत नाहीत. मात्र कलाच्या विरुद्ध बाजूस जमिनीला ताजी भेग पडली असेल किंवा माती उचलली गेली असेल, तर झाडाजवळचा वावर तत्काळ बंद करणे आवश्यक ठरते.

त्यानंतर बुंध्याची पाहणी होते. बुंध्याशी किंवा वर आलेल्या मुळांवर उगवलेली भुछत्रे, वाळवीची मातीची वाट, ढोली, सुटलेली साल आणि भिरूडाच्या छिद्रांतून पडणारा भुसा ही कुजीची किंवा पोखरणीची लक्षणे होत. लाकडी हातोडीने ठोकून पोकळपणाचा अंदाज घेता येतो. दोन जाड फांद्यांच्या अरुंद बेचक्यात साल दबली गेली असल्यास तो सांधा दुबळा समजतात.

मुळांची हानी दिसत नाही, म्हणून ती अधिक फसवी असते. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि पर्णसंभाराच्या घेराबाहेरही पसरतात. नळयोजनेचा चर, रस्त्याचे रुंदीकरण किंवा घराचा पाया खणताना एका बाजूची मुळे तुटली, तरी झाड काही वर्षे हिरवेगार दिसत राहते. जुना दगडमातीचा पार काढून बुंध्यापर्यंत काँक्रीट भरणे हाही मुळांवरील आघातच असतो. ग्रामसुशोभनाच्या नावाखाली तो अनेक ठिकाणी झालेला दिसतो.

नारळाचे निकष वेगळे आहेत. त्याच्या खोडात नवे लाकूड चढवणारा थर नसतो. त्यामुळे चढण्यासाठी पाडलेल्या खाचा कधीच भरून येत नाहीत. खोडातील छिद्रातून तांबूस-तपकिरी द्रव आणि चघळलेला चोथा बाहेर येऊ लागल्यास सोंड्या भुंग्याचा उपद्रव समजावा. अशा माडावर चढणे टाळले पाहिजे.

== उपाययोजना ==

धोका आढळल्यास झाड तोडणे हा शेवटचा पर्याय मानतात. गोठा, बैलगाडी, खाट किंवा मुलांची खेळण्याची जागा हलवणे पुष्कळदा स्वस्त आणि तितकेच परिणामकारक ठरते. त्यानंतर वाळक्या फांद्या काढणे, भार हलका करणे आणि टेकू देणे हे उपाय येतात. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजल्या की फांद्यांना खांबासारखा आधार देतात. अडचण म्हणून त्या छाटत गेल्यास आडव्या फांद्या निराधार होतात.

जाड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला अर्धवट काप खालून घेतात, दुसरा त्याच्या थोडा बाहेर वरून. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढतात. हा कडा कापला गेल्यास कूज खोडात शिरते. झाडाचा शेंडा सरसकट उडवणे हे ग्रामीण भागात सर्रास आढळणारे काम सर्वांत हानिकारक आहे. त्यानंतर फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि जड झाल्यावर तेच मोडतात. जखमेवर डांबर फासल्याने कूज थांबत नाही.

वृक्षसंगोपनाचा व्यवसाय करण्यासाठी भारतात परवान्याची वेगळी व्यवस्था नाही. गावात हे काम बहुधा लाकूडतोडे किंवा वखारवाले करतात आणि मजुरीच्या बदल्यात लाकूड नेतात. ज्याला लाकूड हवे आहे, त्याच्याच सल्ल्यावर झाड ठेवायचे की पाडायचे हे ठरणे उचित नव्हे. वीजतारांलगतच्या फांद्या महावितरणला कळवून वीजपुरवठा बंद केल्यावरच छाटाव्या लागतात. ओली फांदी वीजवाहक असते.

== कायदेशीर तरतुदी ==

महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (नियमन) अधिनियम, १९६४ अन्वये आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, हिरडा, खैर, चंदन इत्यादी अनुसूचित झाडे खाजगी जमिनीवर असली तरी ती तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाडामुळे जीवितास किंवा मालमत्तेस धोका असणे हे परवानगीसाठी ग्राह्य कारण आहे. छायाचित्रांसह केलेली तपासणीची नोंद अशा अर्जास पूरक ठरू शकते. वृक्ष प्राधिकरणाची तरतूद करणारा १९७५ चा अधिनियम नागरी क्षेत्रांसाठी आहे. ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देणारी २०२१ ची दुरुस्ती त्याच अधिनियमात झाली.