गाद्याची मोजदाद

मालवणच्या समुद्रात जाळे पाण्यात असताना कोणी ओरडले, "गादे इले रे!" की होडीवरची माणसे आधी जाळ्याची काळजी करतात. गादा म्हणजे डॉल्फिन. तो तारली-बांगड्याच्या मागे येतो, जाळे फाडतो, आणि कधी त्याच जाळ्यात गुदमरून मरतो. कारण तो मासा नव्हे. हवेत श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा तो सस्तन प्राणी आहे. (गुरुजींनी वर्गात वाघ-हत्तीच्या आधी त्याचे नाव घ्यायला हरकत नाही.)

असा प्राणी देशात किती उरला, हे ठरवायचे कसे? १९११ साली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी खानदेशापासून सुरू केली. साधने दोन, बंदूक आणि सापळा. कातडी सोलायची, कवटी साफ करायची, चिठ्ठी बांधायची. त्यावरून कोणता प्राणी कोठे राहतो ते कळले. तो किती आहे, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारतही नव्हते. शिवाय ती पाहणी जमिनीवरची. गादा तिच्याबाहेरच राहिला.

पुढे १९४८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघ स्थापन झाला, १९६४ पासून त्याची 'लाल यादी' सुरू झाली आणि १९९४ साली तिला आकड्यांचे नियम आले. प्राण्याच्या तीन पिढ्यांत संख्या निम्म्याने घटली, तर तो 'संकटग्रस्त'. आपला गादा आणि चीनकडचा गादा तेव्हा एकच जात समजले जात. २०१४ साली शास्त्रज्ञांनी दोघांची फारकत केली आणि २०१७ साली आपला गादा संकटग्रस्त ठरला.

आता गंमत पाहा. गाद्याची एक पिढी सुमारे २५ वर्षांची. म्हणजे हिशेब ७५ वर्षांचा! तेवढ्या वर्षांपूर्वी मालवणात गादे मोजले होते कोणी? कोणीच नाही. मग घट काढली ती अनुमानाने: जाळी किती वाढली, त्यांत किती गादे मरतात, यावरून. मला हे अनुमान खोटे वाटत नाही. सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली. त्यांतून सुटणे गाद्यालाही कठीण. पण ते अनुमान आहे, आणि सुताचे जाळे हाताळलेले म्हातारे अजून किनाऱ्यावर आहेत, त्यांना विचारायला हवे.

विचारणाऱ्याकडे मात्र ते संशयाने बघतात. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मासेमारी बंद होईल या भीतीने कोळी-गाबीत मंडळींनी विरोध केला होता. २०१८ च्या अखेरीस राज्याने योजना काढली: संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. त्यासाठी फोटो व नोंद लागते. म्हणजे जाळ्यात काय सापडले, हे कागदावर येऊ लागले.

जिवंत गादे मोजायची रीतही निघाली आहे. पाठीवरच्या पराचे फोटो घेतात. प्रत्येकाच्या परावरच्या खाचा निराळ्या, त्यावरून गादा ओळखू येतो. पण त्याचा भाऊबंद भुलगा? तो उडी मारत नाही, होडी पाहिली की दूर जातो, आणि त्याच्या पाठीवर परच नसतो. बहुतेकांना तो दिसतो तो मेल्यावर, वाळूत पडलेला.