तबकडीचे पुनरागमन आणि आपला आवाज

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने आम्हा चार-पाच जणांना घरी बोलावले होते. निमित्त होते नव्याने घेतलेल्या पंचवीस हजारांच्या रेकॉर्डप्लेअरचे. आजोबांच्या काळातील नाट्यसंगीताच्या तबकड्या त्यांनी कपाटातून काढल्या, मऊ फडक्याने पुसल्या आणि सुई ठेवली. आवाज खरोखरच चांगला होता. चहा झाल्यावर त्यांनी मला सहज विचारले, "सर, तुमच्या घरी जुने काय आहे?" विचारण्यात खोच नव्हती. तरीही मला उत्तर देता आले नाही. नगरहून केडगावला घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यात होता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

जुन्या तबकड्यांचे दिवस पुन्हा आले आहेत, ही वस्तुस्थिती आहे. अमेरिकेत १९८६ नंतर प्रथमच २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाले. २०२२ साली नगांच्या हिशेबातही तबकडी पुढे गेली. त्या वर्षी तिथे ४ कोटी १० लाख तबकड्या आणि ३ कोटी ३० लाख सीडी खपल्या. आपल्याकडे २०२४ साली नवी मुंबईत तबकड्या छापणारा कारखाना सुरू झाला. मोबाईलमध्ये सारे जग असताना माणसांना हातात धरता येणारी, उलटून लावावी लागणारी वस्तू हवीशी वाटते. यात हसण्यासारखे काही नाही. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे ती अशी की, पुनरुज्जीवन त्याचेच होते, जे एकदा जतन झालेले असते. ज्याची मूळ फीत कंपनीच्या कोठारात आहे, ज्याचे नाव यादीत आहे, ज्याच्या तबकड्या कुणाच्या तरी कपाटात आहेत, तेच परत येते. जे मुळात नोंदलेच गेले नाही, ते परत येणार कुठून? म्हणून प्रश्न आवडीनिवडीचा नाही, इतिहासाचा आहे.

भारतात ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू झाला तो १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला. ती तबकडी लाखेची होती. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांनी तयार केलेली लाख छोटा नागपूरच्या जंगलातील आदिवासी गोळा करीत. तीत दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी बनत असे. म्हणजे तबकडीच्या अंगात श्रम होते ते जंगलातल्या माणसाचे, आणि तीवर आवाज कुणाचा असावा हे ठरवणार होता यंत्र विकत घेणारा गिऱ्हाईक. ज्यांच्या घरात यंत्र, त्यांच्या आवडीची गाणी, असा हा सरळ व्यवहार होता. गावकुसाबाहेरच्या झोपडीत यंत्र नव्हते, म्हणून कंपनीच्या हिशेबी तिथे श्रोताही नव्हता.

नेमक्या याच काळात आपल्या माणसांनी स्वतःचे माध्यम उभे केले होते. सत्यशोधकी जलशाची परंपरा घेऊन आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. नाशिककडील भीमराव कर्डकांचा जलसा त्यांत अग्रणी. तमाशातली गौळण आणि देवदेवतांचे स्तवन काढून टाकून जलसाकारांनी पाण्याचा हक्क, शिक्षण, दारूबंदी, मेलेल्या जनावराचे मांस सोडणे हे विषय ढोलकीवर आणले. एक जलसा दहा सभांचे काम करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत आजही सांगितले जातात. पण तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे बसत आणि जलसा चाले रात्रभर. त्यात गाणे होते, बतावणी होती, समोरच्या माणसाला विचारलेला प्रश्न होता आणि त्याने बसल्या जागेवरून दिलेले उत्तर होते. हे सारे तीन मिनिटांत मावणारे नव्हते आणि ते विकत घेणारा बाजारही नव्हता. पुढे कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक १९७८ साली लिहिले. कृष्णा किरवले यांचा 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध' हा ग्रंथ आला. त्यांच्यामुळे शब्द हाती लागले, हे ऋण मोठे आहे. पण गळा, ढोलकीची थाप आणि समोरच्या गर्दीचा हुंकार पुस्तकात उतरत नाही.

आमच्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण घ्या. पट्ठे बापूराव हे नाव मराठी रसिकाला ठाऊक आहे. त्यांच्या नावाने १९५० साली चित्रपटही निघाला. त्या लावण्या ज्या गळ्याने फडावर गाजवल्या, ती पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगावची महाराची लेक. बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या, अभ्यासल्या गेल्या. पवळाचा आवाज मात्र माझ्या कानावर आजवर आलेला नाही. लिहिणाऱ्याचे नाव राहिले, गाणारीची आख्यायिका झाली.

मग आपल्या वस्तीत तबकडी आली केव्हा? ती आली स्पीकरवाल्याच्या पेटीतून. वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी जयंतीला किंवा लग्नाला स्पीकरवाला सायकलवर पेटी बांधून येई. लिंबाच्या झाडाला कर्णा बांधला की पोरे झाडाखाली बसून राहत. त्या कर्ण्यातून जो आवाज सगळ्यात उंच जाई तो प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा. या एका गळ्याची कथा साऱ्या प्रश्नावर प्रकाश टाकते. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी गायिली आणि भीमगीतेही गायिली. विठ्ठलाची गाणी आज महाराष्ट्रातल्या देवळादेवळांत, गणपतीच्या मांडवांत, सर्व जातींच्या घरांत वाजतात. त्याच गळ्यातली भीमगीते मात्र वेस ओलांडून आत जात नाहीत. गळा एक, ताकद एक. पण एका गाण्याला घर मिळाले आणि दुसऱ्याला वस्ती. उद्या जुन्या गाण्यांची नवी तबकडी काढायची झाली तर कुठले गाणे निवडले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

खरे स्वातंत्र्य दिले ते कॅसेटने. १९६३ साली फिलिप्स कंपनीने काढलेली ही छोटी डबी आपल्याकडे घराघरांत पोचली ती १९८० च्या सुमारास. तबकडीला कारखाना लागतो. कॅसेटला एक टेपरेकॉर्डर आणि एक बटण पुरते. ऐकणाराच मुद्रण करू लागला, ही माध्यमांच्या इतिहासातली मोठी उलथापालथ होती. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी आपल्या कॅसेटी काढल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागू लागले. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी एका कॅसेटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरत गेली. डबीवर कवीचे नाव नसे, कधी गायकाचेही नसे. पण वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. संतांची ही जुनी रीत कॅसेटच्या काळात मालकीहक्काच्या कागदाहून भक्कम ठरली. डबी हरवली, कागद फाटला, तरी 'वामन' राहिला. ज्यांनी अशी नाममुद्रा घातली नाही, असे कितीतरी कवी मात्र निनावी झाले.

आता स्वतःविषयी सांगणे भाग आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, गायन पार्टीत गात. केडगावच्या आमच्या वस्तीत १९८६ च्या जयंतीला त्यांचा दुसऱ्या पार्टीशी सामना झाला. तो कुणीतरी ९० मिनिटांच्या कॅसेटवर घेतला आणि तात्यांना दिला. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन लहान तुकडे असतात. ते मोडले की तीवर पुन्हा मुद्रण होत नाही. तात्या चौथीपर्यंत शिकलेले, पण हे त्यांनी विचारून घेतले होते आणि चाकूच्या टोकाने ते तुकडे स्वतः मोडले होते. २००५ साली मी दहावीला होतो. रेडिओवर इंग्रजीचे पाठ लागत. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की मुद्रण होते, हे मला एका मित्राने सांगितले. मी पट्टी लावली आणि तात्यांच्या गाण्यावर इंग्रजीचे पाठ घेतले.

तात्यांना ते कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पास हो म्हणजे झालं." मी पास झालो. घरातला पहिला पदवीधर झालो, आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. साधने कशी जपावीत हे मुलांना सांगतो. २००९ साली तात्या गेले. सहकाऱ्याच्या त्या प्रश्नानंतर मी ट्रंकेतून ती कॅसेट काढली. दुसऱ्या बाजूला, पाठ संपल्यानंतर, चार-साडेचार मिनिटे शिल्लक आहेत. त्यात तात्यांचे एक कडवे आहे, ढोलकी आहे, कुणाचा तरी खोकला आहे, आणि मध्येच गाणे थांबवून केलेला बक्षिसाचा पुकारा आहे. अमक्याकडून पाच रुपये, तमक्या बाईंकडून दोन रुपये. अशी सात नावे. सातांपैकी पाच माणसे आज हयात नाहीत. वस्तीने आपल्या पैशाने आपला उत्सव कसा उभा केला याचा हा पुरावा आहे, आणि तो कुठल्याही दप्तरात नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, जुन्याचा हा ओढा सुखवस्तू माणसाचा चाळा आहे. आपल्यापुढे नोकरीचे, जमिनीचे, अत्याचाराचे प्रश्न आहेत. मला हे अर्धेच पटते. महागडे यंत्र घेऊन हळवे होण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. पण पुरावा जपणे ही चैन नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी फितीवर घेतल्या गेल्या आणि २०१७ पासून 'परी'च्या संग्रहात सर्वांना खुल्या होऊ लागल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज आनंद पटवर्धन यांनी आधीच चित्रित करून ठेवला होता, म्हणून तो २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये पुन्हा उभा राहिला. कुणीतरी वेळेवर बटण दाबले होते, एवढाच फरक.

कॅसेटला आयुष्य असते. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, चुंबकी थर सुटू लागतो, वाजवणारे यंत्र दुरुस्त करणारा माणूस मिळेनासा होतो. तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी करावयाचे काम साधे आहे. आपल्या वस्तीतल्या ट्रंका उघडा. बुरशी धरलेली कॅसेट घाईने वाजवू नका. चांगली असेल तर यंत्राची तार संगणकाला जोडून ती उतरवून घ्या. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटेच लागतात. गायक कोण, कवी कोण, ढोलकीवर कोण, गाव कोणते, साल कोणते, हे आज सांगणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्या. आणि जिचे ते दोन तुकडे शाबूत असतील, तिचे ते आधी मोडा.

आमच्या केडगावात आम्ही रविवारी बसतो. माझे सहा विद्यार्थी आहेत, एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आजवर एकोणीस कॅसेटी उतरल्या आहेत. त्या सहकाऱ्यांना मी या महिन्यात वस्तीवर बोलावले आहे. त्यांना तात्यांची ती साडेचार मिनिटे ऐकवणार आहे, आणि त्याआधीचा इंग्रजीचा पाठही ऐकवणार आहे.