वीतभर कापडाचा इतिहास

इ. स. २०२० च्या एप्रिल महिन्यांत महाराष्ट्रांतील हजारों घरांत शिवणाचीं यंत्रें एकाच कामाला लागलीं होतीं. कोणी जुन्या धोतराचें पान फाडलें, कोणी सुती साडीचा पदर कापला, कोणी उशीच्या अभ्र्याच्या घड्या घातल्या, आणि त्यांतून नाकातोंडावर बांधावयाच्या पट्ट्या शिवल्या. त्या पट्टीला आपण मास्क म्हणूं लागलों. मुखपट्टी असाही सुटसुटीत शब्द रूढ झाला. कापड वीतभर आणि शिवण अर्ध्या तासाची. परंतु ह्या वीतभर कापडामागें सव्वाशें वर्षांचा वादविवाद आहे, थोर थोर वैद्यांचे मतभेद आहेत, आणि एका विद्वान् डॉक्टराचा मृत्यूही आहे. त्या साऱ्या वादाच्या मुळाशीं एक प्रश्न पुन्हां पुन्हां आढळतो: ही पट्टी कोणासाठीं बांधावयाची, स्वतःसाठीं कीं दुसऱ्यासाठीं? त्या प्रश्नाच्या अनुरोधानें हा इतिहास आज आपणांपुढें ठेवावा, असा माझा विचार आहे.

तोंड झांकण्याची चाल आधुनिक वैद्यकापेक्षां पुष्कळ जुनी आहे. मुंबईच्या अग्यारींत पारशी धर्मगुरु पवित्र अग्नीची सेवा करतात, तेव्हां नाकातोंडावर पांढरें वस्त्र बांधतात. त्याला पदान म्हणतात. आपल्या उच्छ्वासानें किंवा थुंकीनें अग्नि अपवित्र होऊं नये, हा त्यांतील हेतु. जैनांतील स्थानकवासी व तेरापंथी साधु आणि साध्वी मुहपत्ती बांधतात. बोलतांना मुखांतील वाफेनें हवेंतील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊं नये, ही त्यांची दृष्टि. दोन धर्म वेगळे, त्यांचें तत्त्वज्ञान वेगळें. पण दोहोंत बांधणाऱ्याला स्वतःविषयीं भय नाहीं. आपल्या श्वासापासून दुसऱ्याला उपसर्ग पोंचूं नये, एवढीच त्याची काळजी. ही भूमिका लक्षांत ठेवावी. कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील शस्त्रवैद्य अगदीं निराळ्या वाटेनें ह्याच ठिकाणीं येऊन पोंचले.

ब्रेस्लाउ हें त्या वेळीं जर्मनीचें शहर होतें. आज तें पोलंडमध्यें असून व्रोत्सवाफ ह्या नांवानें ओळखलें जातें. तेथील प्राध्यापक कार्ल फ्लुगे यांनीं १८९७ सालीं दाखवून दिलें कीं, माणूस साधें बोलला तरी त्याच्या मुखांतून अतिसूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही बाहेर पडतात. त्याच शहरांतील शस्त्रवैद्य योहान फॉन मिकुलिच यांनीं त्याच वर्षीं शस्त्रक्रियेच्या वेळीं तोंडावर विरळ विणीच्या कापडाची, म्हणजे गॉजची, पट्टी बांधण्यास आरंभ केला. पॅरिसमध्यें पॉल बेर्जे यांनींही त्याच वर्षीं तसेंच केलें. आपणांस किंवा आपल्या मदतनिसास दांताचा विकार झाला असतां रोग्यांच्या जखमा पिकतात, असें बेर्जे यांच्या ध्यानांत आलें होतें. त्यांनीं गॉजचे सहा पदर घेऊन त्यांचा खालचा कांठ आपल्या निर्जंतुक केलेल्या एप्रनला शिवून टाकला आणि वरचा कांठ नाकाच्या मुळाशीं आणून बंद मानेमागें बांधले. एप्रनला शिवण्याचें कारण असें कीं, त्यांना दाढी होती व तीही झांकणें अवश्य होतें! १८९९ सालीं त्यांनीं पॅरिसच्या शस्त्रवैद्यांच्या सभेंत ह्या विषयावर निबंध वाचला. सर्व सभासदांना तो रुचला नाहीं. तथापि कल्पना रुजली. ही पट्टी डॉक्टराच्या तोंडावर असली तरी ती बांधली होती मेजावर निजलेल्या रोग्यासाठीं, हें येथें विसरतां कामा नये.

याच सुमारास मुंबईंत प्लेगनें थैमान मांडलें होतें. १८९६ सालीं ही साथ मुंबईंत सुरू झाली आणि पुढें पुण्यास व सर्व इलाख्यांत पसरली. हा बहुतांशीं गांठीचा प्लेग होता. तो उंदरांवरील पिसवांमुळें माणसांत येतो, असा सिद्धांत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमॉं यांनीं १८९८ सालीं मांडला, आणि परळ येथील प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळानें पुढील दशकांत प्रयोगांनीं त्याला बळकटी आणली. हें ज्ञान मोठ्या मोलाचें होतें. परंतु ज्ञानाचाही कधीं कधीं अडसर होतो. प्लेग म्हणजे उंदीर आणि उंदीर म्हणजे पिसू, हें समीकरण डॉक्टरांच्या मनांत इतकें पक्कें बसलें कीं, दुसऱ्या एखाद्या मार्गानें प्लेग पसरत असेल, हें मानावयास पुष्कळजण तयार होईनात. ह्याचा परिणाम फार दूर, चीनच्या ईशान्येस मांचुरियांत, दिसून आला.

१९१० सालच्या शरदऋतूंत तेथें एक भयंकर साथ उद्भवली. टार्बगन नांवाच्या रानटी प्राण्याच्या कातड्यासाठीं शिकार करणाऱ्या लोकांत ती प्रथम दिसली, आणि आगगाडीच्या मार्गानें हार्बिन शहरांत शिरली. चिनी सरकारनें डिसेंबरांत डॉ. वू लिएन-तेह यांना तेथें पाठविलें. पिनांग येथें जन्मलेला, केंब्रिजमध्यें शिकलेला हा डॉक्टर त्या वेळीं अवघा एकतीस वर्षांचा होता. साथींत मेलेल्या एका जपानी स्त्रीच्या प्रेताची त्यांनीं गुप्तपणें तपासणी केली, आणि तिच्या शरीरांत प्लेगचे जंतु आढळले. हा प्लेग गांठीचा नसून फुप्फुसाचा आहे आणि तो रोग्याच्या खोकल्यांतून, श्वासांतून थेट दुसऱ्याकडे जातो, असें त्यांनीं अनुमान केलें. मग उपाय काय? रोग्यांना वेगळें ठेवणें, प्रवास थांबविणें, आणि डॉक्टर, परिचारक, प्रेतें वाहणारे अशा सर्वांनीं नाकतोंड बांधणें.

डॉ. वू यांची पट्टी कशी होती तें पाहण्यासारखें आहे. नऊ इंच रुंदीच्या गॉजचा तीन फूट लांबीचा तुकडा घ्यावयाचा. तो लांबीस समांतर दुमडून मधोमध चार इंच रुंद व सहा इंच लांब अशी कापसाची घडी ठेवावयाची. आणि दोन्ही टोंकांस पंधरा पंधरा इंच कापून बंद करावयाचे. हे बंद डोक्यामागें व मानेमागें निरनिराळ्या जागीं बांधले म्हणजे पट्टी गालांना घट्ट बसे. यंत्र नको, टांकाही नको. कातर असली कीं पुरे. साथीच्या गर्दींत शेंकडों माणसांना हें साधन तांतडीनें पुरवितां येई, हाच त्याचा मोठा गुण.

परंतु सर्वांना तें पटलें नाहीं. मेनी नांवाचे फ्रेंच डॉक्टर वयानें व अनुभवानें डॉ. वू यांच्यापेक्षां वडील होते. त्यांचा विश्वास उंदीर आणि पिसू यांच्यावरच होता. ते हार्बिनच्या रुग्णालयांत गेले आणि त्यांनीं पट्टी न बांधतां प्लेगचे रोगी तपासले. थोड्याच दिवसांत त्यांना तोच रोग जडला, आणि ११ जानेवारी १९११ रोजीं ते मृत्यु पावले. त्या मृत्यूनें जें शिकविलें तें कोणत्याही व्याख्यानानें शिकविलें नसतें. हार्बिनमध्यें पांढऱ्या पट्ट्या सर्वत्र दिसूं लागल्या. सुमारें साठ हजार माणसें बळी घेऊन मार्च-एप्रिलच्या सुमारास ती साथ ओसरली. ह्यांत एकट्या पट्टीचें श्रेय किती, हें सांगतां येणार नाहीं. प्रवासबंदी, रोग्यांचें विलगीकरण आणि प्रेतांचें दहन यांचा वांटा त्यांत होता. पण नाकतोंड झांकण्याची रीति शस्त्रक्रियेच्या खोलींतून रस्त्यावर आली ती येथेंच.

पुढची कसोटी १९१८ सालीं आली. त्या वर्षींच्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. मुंबईंत तो जूनमध्यें दिसला व सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्यानें कहर केला. अमेरिकेंत रेडक्रॉसच्या स्त्रियांनीं गॉजच्या पट्ट्या शिवून वांटल्या. सॅन फ्रान्सिस्को शहरांत ऑक्टोबरांत पट्टी बांधण्याचा कायदाच झाला, आणि न बांधणाऱ्यांना दंड झाले. नोव्हेंबरांत कायदा उठला. जानेवारी १९१९ मध्यें साथ वाढली तेव्हां तो पुन्हां आला, आणि तेव्हां नागरिकांनीं त्याच्या विरोधासाठीं एक संघच स्थापन केला. व्यक्तिस्वातंत्र्य मोठें कीं लोकांचें आरोग्य मोठें, हा २०२० सालीं ऐकूं आलेला वाद तेथें शंभर वर्षांपूर्वीं होऊन गेला होता.

त्या वादांत शास्त्रज्ञांनीं प्रयोग केले, व त्यांचे निष्कर्ष आजही उद्बोधक आहेत. डाउस्ट व लायन यांना १९१८ सालीं असें आढळलें कीं, विरळ गॉजचे दोन घ्या कीं दहा घ्या, मुखांतील जंतु बाहेर पडावयाचे राहत नाहींत. दाट विणीच्या सुती कापडाचे तीन पदर मात्र त्यांना पुष्कळसे अडवितात. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे डॉ. केलॉग यांनीं १९२० सालीं दुसरी अडचण दाखविली. पदर फार वाढविले तर श्वास घेणें कठीण होतें, आणि मग हवा कापडांतून न जातां कडेच्या फटींतून जाते. सक्ति करावी इतका ह्या गॉजच्या पट्ट्यांचा उपयोग सिद्ध होत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. म्हणजे सर्व मर्म दोन गोष्टींत आलें: कापडाची वीण आणि चेहऱ्यावरची बैठक. शिवणकाम जाणणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ह्यांचें महत्त्व सांगावें लागणार नाहीं.

कोविडच्या साथींत आपण पुन्हां त्याच वाटेनें गेलों. आरंभीं शस्त्रक्रियेच्या पट्ट्यांचा तुटवडा पडला, आणि ज्या होत्या त्या डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठीं राखणें भाग होतें. तेव्हां मार्च २०२० च्या अखेरीस भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानें घरगुती पट्टीची एक पुस्तिका काढली. सुती कापड धुऊन, मीठ घातलेल्या पाण्यांत पांच मिनिटें उकळून वाळवावें. मोठ्या माणसासाठीं नऊ इंच व सात इंच, मुलासाठीं सात व पांच इंच असा तुकडा कापावा. खालच्या बाजूस तोंड केलेल्या तीन चुण्या घालाव्यात आणि बंद शिवावेत, अशी तिची रीति होती. ८ एप्रिलपासून मुंबईंत सार्वजनिक ठिकाणीं मुखपट्टी सक्तीची झाली. आपल्या राज्यांतील बचत गटांच्या स्त्रियांनीं मोठ्या प्रमाणांत पट्ट्या शिवल्या, आणि टाळेबंदीच्या दिवसांत त्या शिवणानें कित्येकींच्या चुली पेटत्या ठेवल्या. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ जून २०२० रोजीं तीन पदरी पट्टीची शिफारस केली. आंतला पदर ओलावा शोषणाऱ्या सुताचा, मधला गाळणीसारखा, व बाहेरचा पाणी न धरणाऱ्या कापडाचा. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्यास, महाराष्ट्रांतील सक्ति उठली.

मग घरच्या पट्टीनें काय साधलें? येथें अतिशयोक्ति करूं नये. बांगलादेशांत ६०० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. ज्या खेड्यांत शस्त्रक्रियेच्या पट्ट्या वांटून त्या वापरण्याचा प्रचार केला, तेथें आजाराचें प्रमाण सुमारें अकरा टक्क्यांनीं घटलें. कापडी पट्टीचा तसा परिणाम निश्चितपणें सिद्ध झाला नाहीं. कापडी पट्टी ही कवचकुंडलें नव्हेत. उत्तम साधन मिळत असेल तेथें तेंच वापरावें, आणि मिळत नसेल तेथें दाट विणीची, गालांना नीट बसणारी पट्टी वापरावी, एवढाच इतिहासाचा शहाणा निर्णय आहे.

पण निर्णयाची दुसरी बाजू राहिलीच. स्वतःच्या रक्षणासाठींच जो पट्टी बांधतो, तो धोका दिसेनासा झाला कीं ती हनुवटीवर ओढतो. आपण सर्वांनीं हें दृश्य पाहिलें आहे. जो दुसऱ्यासाठीं बांधतो, त्याला आपण धडधाकट आहोंत ही सबब सुचत नाहीं. कारण धडधाकट दिसणारा मनुष्यही रोग वाहून नेऊं शकतो, हें कोविडनें शिकविलें. आजही क्षयाच्या रोग्याला खोकतांना तोंड झांकावयास सांगतात, तें त्याच्या घरच्या मुलांबाळांसाठीं. पुढची साथ कोणती व केव्हां येईल, हें कोणी सांगूं शकत नाहीं. तोंपर्यंत पट्टीचा कागदी नमुना शिवणाच्या डब्यांत जपून ठेवावा, आणि घरांतल्या लहानांना तो दाखवितांना ही पट्टी शेजाऱ्यासाठीं असते, हेंही सांगावें.