चौकटीच्या वहीतलं यान

घोटीहून निघालेली एस.टी. बारी गावाजवळ येते आणि कळसूबाई खिडकीत मावेनाशी होते. 1988 चा मे महिना संपत आलाय. तुम्ही बारा वर्षांचे आहात. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला खोका आहे आणि दादाने दादर स्टेशनपासून तो एकदाही खाली ठेवू दिलेला नाही. "काय आहे रे त्यात?" कंडक्टर विचारतो. "रेडिओ," दादा सांगतो. कॉम्प्युटर म्हटलं असतं तर घाटभर प्रश्न आले असते.

शेंडीला उतरता. मामा पाटबंधारे खात्यात, त्यामुळे क्वार्टर धरणाच्या जवळच. आर्थर लेक खोल गेलाय, काठाची लाल माती उघडी पडलीय, आणि 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या दगडी भिंतीवर उतरलेल्या पाण्याच्या रेघा दिसतात. एरवी तुम्ही धावत आधी तिकडेच गेला असता. आज मात्र तुम्हाला मामाचा टीव्ही हवाय. चौदा इंची, काळा-पांढरा, वर मामीने विणलेला रुमाल.

"आधी पाय धुवा, मग जेवा," मामी म्हणते. "तुमचं यंत्र कुठं पळून नाही जात."

जेवण होतं. टॉवेल सुटतो. काळा, चपटा, पाटीएवढा कीबोर्ड. कॉम्प्युटर सगळा त्यातच. डीबी स्पेक्ट्रम प्लस. इंग्लंडातल्या सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम प्लसचा परवाना घेऊन डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स तो भारतात विकते. दादाने तो कॉलेजच्या मित्राकडून महिन्याच्या बोलीवर आणलाय. मेमरी 48 के. आज तुमच्या फोनने काढलेला एक फोटोही त्यात बसणार नाही, पण त्या रात्री 48 हा आकडा तुम्हाला धरणाएवढा वाटतो.

टीव्हीला एरिअलच्या जागी याची वायर. दुसरी वायर टेपरेकॉर्डरला. टेपच्या आवाजाच्या बटणाशी बॉलपेनने एक बारीक खूण केलीय. तिच्या केसभर इकडे की तिकडे गेलं तर गेम चढत नाही. दादा 'जे'ची कळ दाबतो, पडद्यावर लोड असा अख्खा शब्द उमटतो. कॅसेट फिरू लागते. आधी एक लांब, एकसुरी शिट्टी, मग कानात खडे ओतावेत तसा खरखराट. पडद्याच्या कडेने पट्टे धावतात. ते लाल-निळे असतात म्हणे. मामाकडे सगळे राखाडी. मामी कानावर हात ठेवून आत जाते. तुम्ही हलत नाही. या खरखराटातच गेम आहे, एक-एक बिट करून आत जातोय, आणि आपण जोरात श्वास घेतला तरी एखादा सांडेल असं तुम्हाला खरोखर वाटतं.

सांडतोच. दिवा क्षणभर मंदावतो, आर टेप लोडिंग एरर. कॅसेट मागे. पुन्हा. तिसऱ्या वेळेला ते येतात.

सायॉन कंपनीचा स्पेस रेडर्स. वर रांगेने शत्रू, मध्ये आडोसे, तळाशी तुमची तोफ. हे रूप मूळचं जपानचं. ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादोंनी 1978 साली स्पेस इन्व्हेडर्स बनवला, अकराच्या पाच रांगा, एकूण 55 शत्रू, आणि नाणं टाकून खेळायच्या पेट्यांमधून तो जगभर गेला. मुंबईच्या पार्लरमध्ये तुम्ही अशा पेटीसमोर इतरांच्या खांद्यांमधून डोकावला आहात. नाणं जवळ नव्हतं. इथे नाणं लागत नाही. हरलात तरी कुणी मागे ओढत नाही. मामाच्या खोलीत, सतरंजीवर पोटावर पडून, तुम्ही त्या रात्री किती वेळा मरता त्याला गणती नाही.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे.

"आपला आपण करूया का?" दादा विचारतो. तो गणिताची चौकटीची वही काढतो आणि आठ बाय आठ घरं आखतो. प्रत्येक आडव्या रांगेच्या घरांना डावीकडून भाव: 128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1. जी घरं भरशील त्यांची बेरीज कर. तुम्ही पेन्सिलीने यान भरता. वर टोकाला दोनच घरं, 16 आणि 8, म्हणजे 24. खाली पुन्हा 24. मग 60, 60, 126. मग पूर्ण रांग, 255. शेवटी दोन पाय फाकवून 219 आणि 129. आठ आकडे. दादा ते कॉम्प्युटरला देतो आणि तुमच्या पेन्सिलीचं यान मामाच्या टीव्हीवर उभं राहतं. मी नंतर किती तरी झगझगीत खेळ पाहिले. त्या आठ आकड्यांची सर एकालाही आली नाही, आणि हे मी अगदी मनापासून लिहितोय.

शत्रू आठाच्या तीन रांगा. बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्राम फार हळू चालतो. चोवीस जण एकेक करून पुसले जातात, एकेक करून शेजारच्या घरात उमटतात; तांदूळ निवडताना बोट सरकावं तसं ते सरकणं डोळ्यांना दिसतं. दादा खट्टू होतो. "हे काय युद्ध आहे? पाणी भरायला निघाल्यासारखे चाललेत."

संध्याकाळी मामा धरणावरून येतो, चहाची बशी हातात घेऊन मागे उभा राहतो. तुम्ही मारत सुटलेले. बारा उरतात. सहा. दोन. मग एक, आणि तो असा पळतो की नेम धरेपर्यंत पडदा ओलांडून गेलेला.

"हा एकटा पडल्यावर एवढा का पळतो रे?" मामा विचारतो.

दादा तोंड उघडतो आणि तसाच थांबतो. पळायला त्याने सांगितलेलंच नाही. मग कागद ओढतो, ओळीवरून बोट फिरवतो. "मेलेल्याला वगळून पुढे जा असं लिहिलंय. चोवीस जणांना हलवायचं काम होतं ते एकालाच हलवायचं राहिलं. मशीन रिकामं झालं, म्हणून."

तुम्हाला तिघांनाही माहीत नाही, पण दहा वर्षांपूर्वी निशिकादोंच्या पेटीतही हेच घडलं होतं. शत्रू कमी झाले की उरलेल्यांना सरकवणं मशीनला सोपं जायचं आणि त्यांचा वेग चढायचा. ठरवून केलेलं नव्हतं ते. त्यांनी पाहिलं, त्यांना आवडलं, त्यांनी राहू दिलं. लाखो लोकांच्या तळहाताला घाम फोडणारी ती चढती घाई अशी आयती सापडलेली होती, आणि अकोले तालुक्यातल्या या क्वार्टरमध्ये ती पुन्हा सापडली.

"दादा, सेव्ह कर ना," तुम्ही म्हणता.

तो कोरी कॅसेट शोधतो. तेवढ्यात दिवे जातात. पडदा आक्रसून मधोमध एक ठिपका होतो, ठिपकाही विझतो. 48 के मध्ये होतं नव्हतं ते सगळं गेलं. कुणीच काही बोलत नाही.

मामी कंदील आणून ठेवते. खिडकीबाहेरचा हिरडा काजव्यांनी भरलाय. एक फांदी लागते, विझते, पुन्हा लागते. तुम्ही तिकडे पाहत राहता, मग वही पुढे ओढता. यान तर वहीत आहेच. दादा डोळे मिटून बाकीचं आठवू लागतो, ओळ दहा, ओळ वीस, आणि तुम्ही कंदिलाशी वाकून लिहून घेता. अडखळतो तिथे तुम्ही सांगता. ओळ 240 ला ते येतं, मेलेल्याला वगळून पुढे जाणारं. ते मात्र तुम्ही पेन्सिल दाबून लिहिता.