पुसलेल्या चित्रफितींचें ऋण

इतिहासाची साधनें आगींत व लढायांत जळतात, तशीं कचेरीच्या काटकसरींतहि नाहींशीं होतात. बी. बी. सी. ह्या ब्रिटिश संस्थेनें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामाला दूरचित्रवाणीवर आरंभिली. चित्रफिती महाग आणि पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित. म्हणून जुन्या फिती पुसून पुन्हां वापरण्यांत आल्या. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकीं ९७ भाग २०१३ च्या शोधानंतरहि बेपत्ताच होते.

उरले ते बहुतांशीं परदेशीं विक्रीसाठीं काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतींमुळें. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चारहि भाग १९९१ सालीं हाँगकाँगहून परत आले, नायजेरियांतील जोस येथें सांपडलेले नऊ भाग २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. आवाज मात्र एकाहि भागाचा हरवला नाहीं, कारण कांहीं प्रेक्षकांनीं तो घरच्या ध्वनिमुद्रणयंत्रावर टिपून ठेवला होता.

म्हणूनच एखादा भाग सांपडला कीं ह्या मालेच्या चाहत्यांस होणाऱ्या आनंदांत कृतज्ञतेचा वांटा मोठा असतो. चालकांनीं टाकाऊ ठरविलेलें ज्यांनीं केवळ आवडीपोटीं जपलें, त्यांचें ऋण पुढच्या पिढीच्या इतिहासकारानेंहि मानलें पाहिजे.