बाळापूर : दोन नद्या आणि एक सवाल

इतिहास म्हटला की आपल्याला राजांची वंशावळ पाठ करायला लावतात. मी अकोल्यात डाळमिलीत पोती वाहतो. मला इतिहास वजनात कळतो. म्हणून बाळापूरचा किल्ला पाहताना पयला सवाल हाच पडला : एवढी वीट वाहिली कोनं?

आधी जागा समजून घ्या. अकोल्याच्या पश्चिमेला मन आणि म्हैस या दोन नद्या भेटतात. किल्ला त्यांच्या मधल्या उंचवट्यावर. पूर आला की नदीच खंदक होते. मन पुढं पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला.

या पाण्यावर मोगल टेकले. औरंगजेबाचा पोरगा आझमशहा इथं राहिला. मिर्झाराजे जयसिंगाची छत्री अजून नदीकाठी उभी आहे. 1720 साली निजाम-उल-मुल्कानं बाळापूरजवळच सय्यद आलम अलीखानाला लढाईत संपवलं. किल्ला 1757 ला एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानानं पुरा केला. नवाबाचं नाव राहिलं. माती तुडवणारे, भट्टी लावणारे, डोक्यावर वीट नेणारे कोन्या पानात नाहीत.

1853 ला वऱ्हाड इंग्रजाच्या हातात गेलं. 1867 ला रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. बाळापूर रुळाच्या बाजूला राहिलं, स्टेशन पारसला. कापूस रुळाकडं वळला, पैसा त्याच्या मागं. अकोला फुगलं. पोटासाठी मानूसही तिकडंच गेला.

आता पाण्याचं बोलू. तालुक्याचा उत्तरेकडचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहीर खणा, पाणी खारट. अशा मुलखात गोडं पाणी म्हणजे जीव. अन् ते कोनी भरायचं, कोन्या घाटावर, कोनाच्या खाली, हे जात ठरवायची. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमरावतीच्या परिषदेला आले. तिथं अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा झगडा सुरू होता. तळं कोकणात अन् देऊळ वऱ्हाडात, पण सवाल एकच : जे सगळ्यांचं म्हणता, त्यातून आम्ही काहून वजा?

म्हणून सांगतो, किल्ल्याची तारीख पाठ करा, पण तिथं थांबू नका. आपापल्या गावचा नकाशा काढा. नदी कुठून येते, घाट कोनाचा, आपली वस्ती पाण्याच्या वर की खाली, लिहा. म्हाताऱ्या मायला विचारा, तिची घागर कुठं भरायची. ती गेली की तो कागद कोनत्याच कचेरीत सापडनार नाही. आपला इतिहास आपल्यालाच वाहून आणावा लागेल. वाहायची सवय आपल्याला हायेच.