लहान झालेले जठर आणि बदललेले ताट : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा व तिच्या आहाराचा इतिहास

धागा 🧵

१/
धाराशिव जिल्ह्यातील वाशी हा बालाघाटाच्या पट्ट्यातील तालुका. ज्वारी, तूर, हरभरा ही इथली मुख्य पिके. १९७२ च्या दुष्काळात या भागातील माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. दुष्काळी कामावर सुकडी मिळे, रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. त्या काळचा प्रश्न एकच होता : आज काय खायचे?

२/
अर्ध्या शतकानंतर याच मराठवाड्यातील काही माणसे पुण्या-मुंबईला जाऊन स्वतःचे जठर लहान करून घेतात आणि त्याच चुलीपाशी परततात. प्रश्न पुन्हा अन्नाचाच असतो, पण उलट्या बाजूने : इतक्याशा पोटात काय घालायचे? या प्रश्नाचे आज दिले जाणारे उत्तर कसे घडले, आणि ते घडताना कोणाला किती किंमत मोजावी लागली, याचा हा धागा.

३/
आरंभ लठ्ठपणापासून झालाच नाही, तो कर्करोगापासून झाला. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा काही भाग यशस्वीरीत्या काढला. तेरेसा हेलर ही त्यांची रुग्ण. शस्त्रक्रियेनंतर तिला आधी बर्फ आणि मग चमचाचमचाने आंबवलेले दूध देण्यात आले. पुढे सुमारे चार महिन्यांत कर्करोगानेच तिचा अंत झाला. पण जठराचा भाग काढूनही माणूस जेवू शकतो, हे सिद्ध झाले होते.

४/
१८९७ मध्ये झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढले. ती वर्षभराहून अधिक जगली. यातून शरीरशास्त्राला एक धक्का बसला : जठर ही पचनाची एकमेव भट्टी नव्हे. ते मुख्यतः कोठार आहे. अन्न साठवणे, घुसळणे आणि आतड्यात थोडेथोडे सोडणे हे त्याचे काम. कोठार गेले तर धान्य एकदम अंगणात येऊन पडते.

५/
नेमके तेच घडू लागले. जठराचा भाग गेलेल्या रुग्णांना जेवणानंतर, विशेषतः गोड खाल्ल्यावर, घाम, धडधड, चक्कर, पोटात मुरडा आणि जुलाब होत. १९२० च्या दशकात या लक्षणसमूहाला ‘डंपिंग’ हे नाव रूढ झाले. शस्त्रक्रियेनंतर साखर, गूळ, पेढे यांपासून दूर राहण्याच्या आजच्या सूचनेचे मूळ इथे आहे. भूम-वाशीच्या खव्याच्या पट्ट्यात ही सूचना पाळणे किती अवघड, हे वेगळे सांगणे नलगे.

६/
मग वजन घटवण्यासाठी म्हणून पहिली शस्त्रक्रिया कधी? १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटाच्या क्रेमन आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या मोठ्या भागाला वळसा घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जठराला हात लावलेला नव्हता. तर्क सरळ होता : हवे तेवढे खा, अंगाला लागणार नाही.

७/
वजन उतरले, पण त्याबरोबर बरेच काही गेले. सततचे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांचा ऱ्हास आणि काहींचे यकृतच निकामी. १९८० च्या दशकापर्यंत ही शस्त्रक्रिया जवळजवळ सोडून द्यावी लागली. अनेकांच्या आतड्यांची पुन्हा जोडणी करावी लागली. ‘काहीही खा’ हे आश्वासन देणारी शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली, ही या कथेतील पहिली शिकवण.

८/
दुसरा मार्ग निरीक्षणातून सापडला. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले की, जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा सहज वाढत नाही. १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इटो यांनी गॅस्ट्रिक बायपास केली. आता आतड्याइतकाच भर जठराच्या आकारावर आला. जठराची छोटी पिशवी तयार करायची आणि उरलेल्या भागाला वळसा द्यायचा.

९/
१९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले. मोठी चीर टळली, रुग्ण लवकर चालू लागला. २००० च्या सुमारास अतिस्थूल रुग्णांसाठी ‘पहिला टप्पा’ म्हणून केवळ जठर केळ्याच्या आकाराचे करण्यात येऊ लागले. अनेकांचे वजन तेवढ्यानेच पुरेसे उतरले आणि टप्पा हीच पूर्ण शस्त्रक्रिया ठरली. हीच ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’.

१०/
हे केवळ पोट लहान झाल्यामुळे घडते का? १९९५ मध्ये वॉल्टर पोरिस यांच्या गटाने दाखवले की, बायपासनंतर बहुसंख्य मधुमेही रुग्णांची साखर आटोक्यात येते. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी जठरातून स्रवणारे भुकेचे संप्रेरक, घ्रेलिन, शोधले. स्लीव्हमध्ये जो भाग काढला जातो, तोच घ्रेलिनचा मोठा उगम. लठ्ठपणा म्हणजे केवळ जिभेवर ताबा नसणे, हा समज यामुळे पार खिळखिळा झाला.

११/
स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू असलेल्या दीर्घ अभ्यासाने २००७ मध्ये दाखवले की, शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण तुलनेने कमी आहे. एव्हाना ही शस्त्रक्रिया भारतात येऊन पोहोचली होती. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली आणि त्याविषयी उघडपणे सांगितले. श्रीमंतांची गुप्त गोष्ट मराठी घरांत बोलण्याचा विषय झाली.

१२/
पण पाश्चात्त्य मोजपट्टी इथे चालते का? याचे उत्तर पुण्याने दिले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांच्या छायाचित्रासह हे प्रसिद्ध झाले.

१३/
याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकेही तपासली. इंग्लंडमधील बाळाचे सरासरी वजन ३.५ किलो, इथल्या बाळाचे २.७ किलो. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. ‘बारीक पण चरबीयुक्त’ बाळ. १९४४-४५ च्या डच दुष्काळाच्या अभ्यासातही, गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमार सोसलेल्या मुलग्यांत पुढे लठ्ठपणा अधिक आढळला होता.

१४/
यावरून १९७२ च्या दुष्काळाला आजच्या प्रत्येक लठ्ठ माणसाचे कारण ठरवणे चुकीचे होईल. पण उपासमार आणि लठ्ठपणा हे परस्परांचे शत्रू नसून कधीकधी एकाच घराण्यातील असतात, एवढे म्हणता येते. म्हणूनच १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली ४० बीएमआयची (सहव्याधी असल्यास ३५ ची) मर्यादा आशियाई लोकांसाठी खाली आणली गेली.

१५/
आता पूर्वतयारी. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे अल्प उष्मांकाचा, प्रथिनयुक्त, बहुधा द्रव आहार देतात. कारण ‘वजन कमी दिसावे’ हे नव्हे. स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीने फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर झाकण घालतो. आहार घटला की यकृत आकसते. २००६ च्या एका अभ्यासात ही घट मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांतच झाल्याचे दिसले.

१६/
२०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी विमानाने मुंबईत आणले गेले, तेव्हा सारे जग पाहत होते. त्या ११ फेब्रुवारीला आल्या. शस्त्रक्रिया झाली ७ मार्चला. मधले दिवस द्रवाहार आणि तयारीचे होते. सप्टेंबरमध्ये अबू धाबी येथे त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेचा दिवस बातमीत एका ओळीचा असतो. त्याआधीचे आणि नंतरचे महिने मात्र रुग्णाला दिवस मोजत काढावे लागतात.

१७/
शस्त्रक्रियेनंतरचा क्रम असा : आधी घोटघोट पाणी व पातळ द्रव, मग दूध-ताकासारखे दाट द्रव, नंतर घोटलेले अन्न, पुढे मऊ अन्न आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. नेमके दिवस ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतात. टाके भरून येईपर्यंत शिवणीवर ताण येऊ नये, हा हेतू. घाई केल्यास उलट्या होतात, शिवणीवर ताण येतो, आणि शिवण गळणे हा जिवावर बेतणारा प्रसंग आहे.

१८/
हा क्रम भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल. आयुर्वेदात शोधनकर्मानंतर ‘संसर्जन क्रम’ सांगितला आहे : आधी पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाच्या आहारात जव, मूग, कुळीथ, तूर येतात. प्राचीनांना बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया ठाऊक होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. थकलेल्या पचनसंस्थेला पायरीपायरीने अन्नाकडे आणावे, हा अनुभव मात्र जुना आहे.

१९/
खरी कसोटी प्रथिनांची. रोज साधारण ६० ग्रॅम तरी प्रथिने हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि केस गळतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने. म्हणजे केवळ भाकरीवर भागवायचे तर ६०० ग्रॅम पीठ! स्लीव्हनंतर जठरात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावते. गणित जुळत नाही.

२०/
शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. १९६० मध्ये सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या लोकांतील पेलाग्रा या रोगाचा माग काढताना ज्वारीतील ल्युसिनकडे बोट दाखवले होते. दोष ज्वारीचा कमी, तिच्यावाचून ताटात दुसरे काही नसण्याचा अधिक. डाळीत लायसिन भरपूर असते. म्हणून भाकरीला वरण किंवा पिठले लागते.

२१/
प्रथिनांचा दर्जा दुर्लक्षिल्यास काय होते? १९७० च्या दशकात अमेरिकेत वजन घटवण्यासाठी कातडी-हाडांपासून काढलेल्या निकृष्ट द्रव-प्रथिनांचे खूळ पसरले. केवळ त्यावर राहणारे अनेक जण हृदयाचे ठोके बिघडून दगावले. डब्यावर ‘प्रोटीन’ लिहिलेले असणे म्हणजे पोषण नव्हे, हा धडा जीव गमावून मिळाला.

२२/
म्हणून वाशीतल्या घरासाठी बदल ताट टाकून देण्याचा नसून ताटातील क्रम उलटण्याचा आहे. आधी अंडे, पनीर, दही, घट्ट वरण किंवा मुगाचे घोटलेले सार. मग मऊ भाजी. भाकरी शेवटी, वरणात कुस्करून, चतकोरभर. हरभरा, कडक भाकरी आणि मसाल्याचा तवंग पुढच्या महिन्यांसाठी. जेवताना पाणी नाही. पाणी अर्ध्या तासाच्या अंतराने, घोटघोट. आणि प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावून.

२३/
दुसरी कसोटी जीवनसत्त्वांची. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातील स्राव लागतात. बायपासमध्ये तो मार्गच बदलतो, स्लीव्हमध्ये तो अरुंद होतो. आणि पुणे परिसरातील २००६ च्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ मुळातच कमी आढळले होते. म्हणजे शाकाहारी मराठी रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतो तोच रिकामी कोठी घेऊन. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचेही तेच.

२४/
सततच्या उलट्यांकडे ‘होतेच असे’ म्हणून पाहिले, तर थायमिन म्हणजे बी-१ संपते. डोळे तिरळे होणे, तोल जाणे, गोंधळ : १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी वर्णन केलेला हाच मेंदूचा विकार. योगायोग असा की, बिलरोथ यांची शस्त्रक्रियाही त्याच वर्षीची. वेळीच इंजेक्शन मिळाले तर तो टळतो. उशीर झाला तर स्मृती कायमची जाते.

२५/
इथे अंतर हा प्रश्न बनतो. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत, रुग्ण वाशीत. पहिले वर्ष सरले, वजन उतरले, गावाने कौतुक केले की तपासणीची फेरी चुकू लागते. गोळ्या महिनाभर चालतात आणि मग ‘आता बरे आहे’ म्हणून थांबतात. बी-१२ ची कमतरता मात्र वर्षांनी, हातापायांच्या मुंग्यांतून बोलते. गोळ्या आणि रक्ततपासणी आयुष्यभरासाठी, हे निर्णयाआधीच घरातील सर्वांना ठाऊक हवे.

२६/
आणि घरातील माणसे महत्त्वाचीच. ज्या पिढीने मिलोच्या भाकरी खाल्ल्या, तिला पानात अन्न टाकलेले सहन होत नाही. ‘अजून अर्धी घे’ हा तिचा मायेचा उद्गार असतो. शस्त्रक्रिया झालेल्या लेकीसाठी वा सुनेसाठी तोच आग्रह उलटीचे कारण ठरतो. आहारतज्ज्ञाचा सल्ला म्हणूनच रुग्णाइतकाच स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसालाही मिळायला हवा.

२७/
१८८१ चे चमचाभर आंबवलेले दूध, १९५४ चे ‘हवे तेवढे खा’, १९७० च्या दशकातील निकृष्ट प्रथिने, २००६ चे आकसलेले यकृत आणि रिकामी बी-१२ ची कोठी. आजच्या आहारपत्रकातील प्रत्येक ओळीमागे कुणाचे तरी दुखणे आहे. ते पत्रक हाती आले की कंटाळवाणे वाटते. त्याचा इतिहास ठाऊक असेल, तर ते भिंतीवर नीट चिकटवून ठेवावेसे वाटेल.

(धागा समाप्त. परिचयातील कोणी या शस्त्रक्रियेचा विचार करत असेल, तर हा धागा त्यांच्या घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीपर्यंतही पोहोचवावा. उपचाराचा निर्णय मात्र डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)